प्रकल्पाचा विषय कोणी द्यायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली चार वर्षांच्या पदवीचा आराखडा काढला. त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. म्हणजे पूर्वी एम. ए., एम. फिल.ला पोचल्यावर पुढे येणारा प्रश्न आता विशीतल्या पोरापुढे आला आहे. वसतिगृहात राहून, रात्री कुठेतरी काम करून शिकणाऱ्यांना ही ७५ टक्क्यांची चाळणी कशी गाळते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जे तीतून वर येतात, त्यांना पुढचे सांगणारे घरात कोणी नसते. माझ्याही घरात नव्हते.

तिसऱ्या वर्षाला असलेला अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. त्याच्या नियोजित मार्गदर्शकांनी त्याला सुचवले होते, "तुमच्या समाजावरच काहीतरी घ्या, सोपे जाईल." त्याने मला विचारले, "सर, घेऊ का?"

या 'सोपे जाईल'मध्ये दोन गृहीते दडलेली आहेत. एक, आपल्या मुलाने आपल्यापलीकडचे काही अभ्यासू नये. दुसरे, आपल्यावर लिहायला अभ्यास लागत नाही, अनुभव सांगितला की भागते. पहिल्याला उत्तर द्यायला मला फार शब्द लागत नाहीत. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए.साठी प्रबंध दिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. १९१६ साली तेथेच मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. १९२३ साली लंडनला डी. एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. जात त्यांनी विषय म्हणून निवडली, कोणी वाटून दिली नाही. दुसरे गृहीत मात्र अधिक घातक आहे, कारण ते आपल्यापैकीही अनेकांनी मान्य करून टाकले आहे.

मी त्याला म्हणालो, "तुला स्वतःला काय जाणून घ्यायचे आहे ते सांग." बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "आजी सांगते, आपली सोळा एकर वतनाची जमीन होती. आता सगळ्या भावकीत मिळून दोन आहे. मधली गेली कुठे?" विषय त्याच्या घरातच होता. 'दलितांचे आर्थिक शोषण : एक अभ्यास' हे शीर्षक सभेच्या फलकावर शोभते, पण त्याला प्रश्नचिन्ह लावता येत नाही. 'माझ्या गावातील महार वतनाची जमीन १९५९पासून कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली?' याला लावता येते. एक गाव, एका प्रकारची जमीन, आणि आरंभाचे एक निश्चित वर्ष.

१९५९च का? वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ साली १८७४च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात ही वतने रद्द झाली ती १९५८च्या कायद्याने, १ फेब्रुवारी १९५९पासून. आकारणीच्या तिप्पट रक्कम भरून जमीन वतनदाराला परत मिळायची, पण कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येत नव्हती. म्हणून विद्यार्थ्याने शोधायचे ते हे : रक्कम कोणी भरली, कोणाला भरता आली नाही, आणि पुढे विक्री झाली तर परवानगीचा आदेश कुठे आहे. (मराठवाड्यातल्या मुलांनी ही तारीख जशीच्या तशी उचलू नये. तिथे निजामाचा अंमल होता.)

सातबारा आज जमीन कोणाची ते सांगतो, ती कशी आली ते सांगत नाही. ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६मध्ये सापडते. जुन्या उताऱ्यावर 'इनाम वर्ग ६-ब', नव्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे शेरे दिसतील, ते टिपून घ्यावेत. तलाठ्याने (पदनाम बदलले तरी गाव तलाठीच म्हणते) टोलवले, तर २००५चा माहिती अधिकार आहे. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत, नव्या हेक्टर-आरमध्ये असतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, हे विसरले तर जमीन कागदावरच निम्म्याहून कमी होते.

आजीचे बोलणे तिच्याच शब्दांत, तारीख घालून, कागदपत्रे पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे. नंतर ते फेरफाराशी ताडून पाहावे. तिची सोळा एकर कदाचित अकराच निघेल. उलट 'दारू पाजून अंगठा घेतला' हे कुठल्याही फेरफारात मिळणार नाही. दोन्ही लिहावे, आणि कुठे जुळत नाही तेही लिहावे. ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांनाही विचारायला हवे, पण त्याचे आईवडील गावात राहतात. म्हणून नावे बदलायची आणि गटक्रमांक प्रबंधात छापायचे नाहीत, हे आधीच ठरवले.

जनगणनेचे आकडे वापरताना तर हमखास फसगत होते. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध २,४८७ होते, १९६१ साली २७,८९,५०१ झाले. धर्मांतरितांची नोंद अनुसूचित जातींत होणे बंद झाले. बौद्धांना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० साली. मधल्या तीन जनगणनांतला अनुसूचित जातींचा आकडा पाहून 'गावातली आपली वस्ती घटली, पुन्हा १९९१ला वाढली' असे लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत. माणसे तिथेच होती, रकाना बदलला होता.

हे सारे काम चौथे वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात उरकावे. सत्र सुरू झाले की कचेरीच्या फेऱ्या होत नाहीत. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतील, 'तुम्ही स्वतः त्या समाजाचे, मग तटस्थ कसे?' तेव्हा चिडायचे नाही. फेरफाराचा क्रमांक सांगायचा आणि नक्कल पुढे ठेवायची.

मार्गदर्शकांनी विषय मान्य केला आहे. शीर्षकात 'महार' शब्द नको, कायद्यातला 'कनिष्ठ' शब्द घाला, एवढीच त्यांची सूचना. मुलगा रागावून आला होता. मी त्याला म्हटले, घाल, पण अवतरणचिन्हांत घाल, आणि ते वतन कनिष्ठ कोणी ठरवले, यावर पहिल्या प्रकरणाची दोन पाने लिही. ती पाने तो सध्या लिहितो आहे.