भुताला प्राइम टाइम, माणसाला दुपारचा शो!

हॉरर आणि साय-फाय थिएटरात, ड्रामा मात्र घरी लोळत मोबाइलवर... आपल्या वीकएण्डची ही वाटणी नेमकी उलटी झालीय.

शुक्रवार, दुपारचे साडेचार. एसी फुल्ल, कामाचा मूड निल, आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न, 'उद्या काय बघायचं?' पुढची चर्चा आता पाठ झालीय. भुताचा पिक्चर असेल तर पाच मिनिटांत दहा जण तयार. अंतराळ, वाळवंट, रोबो वगैरे असेल तर एखादा एक्स्पर्ट उठून सांगणार, 'आयमॅक्सलाच बघायचा हं, नाहीतर पाप लागेल!' आणि एखादीने म्हटलं, की अगं, मुंबईतल्या नर्सेसची गोष्ट आहे, छाया कदम आहे, मस्त आहे म्हणे... की उत्तर तयार. 'तो ओटीटीवर आला की बघू ना!'

हे 'आला की' काही कधी येत नाही, बॉस. पिक्चर येतो, आपण तो वॉचलिस्टमध्ये टाकतो आणि तिथेच त्याचं तेरावं घालतो. माझं तर म्हणणं आहे की थिएटरची जास्त गरज गाजावाजा करणाऱ्या सिनेमाला नाहीच, ती गप्प बसणाऱ्या सिनेमाला आहे. पण आधी भुतांचं बोलू. गेल्या दोन-तीन वर्षांत चलती त्यांचीच होती.

घाबरायला सोबत लागते

२०२४ हे वर्ष तर भुतांनी खाऊनच टाकलं. ७ जूनला आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' आला. मोठा स्टार नाही, तरी गडी शंभर कोटींच्या पार! मुंजीनंतर लगेच गेलेलं पोर पिंपळावर बसतं, ही गोष्ट आपल्यापैकी निम्म्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. भीती आधीच मनात होती, सरपोतदारने फक्त तिकीट छापलं. कोकणातला भाग झकास, पुण्यातला ठीकठाक. पण शेवटी कम्प्युटरवर बनवलेला तो मुंज्या इतका वेळ समोर नाचतो की भुताऐवजी सोसायटीतलं एखादं वांड कार्टं वाटायला लागतं. १५ ऑगस्टला आलेल्या 'स्त्री २'ला पब्लिक थिएटरात मावत नव्हतं. त्यातले विनोद मला आवडले, सरकटा नाही. आपल्या मनाने जगणाऱ्या बायका गावातून एकेक करून गायब होतात, हे डोकं नसलेल्या भुतापेक्षा कितीतरी भयंकर आहे. अमर कौशिक तिथे थांबलाच नाही. पुढचा जोक वाट बघत होता ना!

मग सप्टेंबरात 'तुंबाड' परत आला. खरं तर हा २०१८ चा सिनेमा. तेव्हा ऑक्टोबरमध्ये आला आणि बऱ्याच जणांना कळायच्या आत गेलासुद्धा. नंतर लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितलं, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला. अशी दुसरी संधी फार कमी सिनेमांच्या नशिबात असते. राही अनिल बर्वेला याची ठिणगी मिळाली नारायण धारपांच्या गोष्टीतून, आणि नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. म्हणजे हिंदी बोलत असला तरी पिंड आपलाच. कित्येक पावसाळे खर्ची घालून खऱ्याखुऱ्या पावसात शूट केलेला हा सिनेमा लॅपटॉपवर पाहिला असेल तर तुम्ही फक्त गोष्ट पाहिलीत. थिएटरात तो पाऊस अंगावर येतो. वाड्यातला काळोख पडद्याच्या चौकटीत संपत नाही, हॉलमधल्या अंधारात मिसळून थेट तुमच्या खुर्चीपर्यंत येतो.

आणि भीती नक्की कशाची? हस्तरची नाहीच. विनायक पुण्यात संसार थाटून तुंबाडच्या खेपा घालतो, मूठभर नाणी आणतो, संपली की परत जातो. पुढे पोरालाही हाच धंदा शिकवतो. गव्हाच्या पिठाची बाहुली दाखवून देवाच्या लंगोटातून नाणी काढायची कला बाप मुलाला शिकवतोय, आणि त्या दोघांना त्यात अभिमान वाटतोय! हा सीन म्हणजे चक्क कौटुंबिक ड्रामा आहे. भूत निमित्तमात्र.

हॉररच्या पोटात लपून बसलेला ड्रामा पकडायचा मला नादच लागलाय. 'अ क्वाएट प्लेस : डे वन' (२०२४) घ्या. आवाजावर झडप घालणारे राक्षस न्यूयॉर्कवर उतरतात. सगळं शहर पळतंय, आणि लुपिता न्योंगोची सॅम, जिच्याकडे कॅन्सरमुळे तसेही थोडेच दिवस उरलेत, ती मांजर काखोटीला मारून उलट दिशेने निघते. कशासाठी? एक स्लाइस पिझ्झा! वडील तिला लहानपणी जिथे न्यायचे तिथला. जग बुडताना माणसाला काय आठवेल याचं इतकं साधं उत्तर मोठमोठ्या रडक्या सिनेमांनाही सुचलेलं नाही. या सिनेमाला मी थिएटरात पॉपकॉर्नचा हात अर्ध्यात थांबलेली माणसं पाहिलीत. घरी मिक्सर चालू असताना काय डोंबल घाबरणार?

अपवाद सांगायचाच तर कोरली फार्झाचा 'द सब्स्टन्स'. भारतात तो ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मुबीवर आला, तेव्हा घरीच बघावा लागला. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं रक्ताचे पाट वाहतात, आणि खरं सांगू, मला तिथे जांभई आली. भयंकर सीन त्याच्या कितीतरी आधी येऊन जातो. पन्नाशीची एलिझाबेथ (डेमी मूर, आणि काय काम केलंय बाईने!) एका साध्यासुध्या डेटसाठी तयार होते. आरशात बघते. लिपस्टिक पुसते, परत लावते, परत बघते. दारापर्यंत जाते, परत येते. शेवटी स्वतःचा चेहरा खसाखसा पुसत राहते. भूत नाही, रक्त नाही. पार्टीला निघताना तीन कपडे बदलून शेवटी घरीच बसलेल्या कुठल्याही मुलीने हा सीन एकदा बघावा. नको, दुसऱ्या कुणीतरी बघावा.

मिकीचं सीटीसी

साय-फायचं आपल्याकडे एक ठरलंय, मोठा पडदा, मोठा आवाज, मोठं बिल. जून २०२४ चा 'कल्की २८९८ एडी' मला निम्मा आवडला. काशी हे पृथ्वीवरचं शेवटचं शहर, ही कल्पना भन्नाट आणि अमिताभचा अश्वत्थामा एकदम कडक. पण मधला बराच वेळ इतरांच्या सिनेमांतलं सामान उचलून आणल्यासारखा वाटतो. 'ड्यून : पार्ट टू' देखणा आहे यात वादच नाही, आवाजाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. फक्त बाहेर पडल्यावर मला वाळू आठवत होती, माणसं नाही.

या सगळ्यांत आपल्या नोकरदार जमातीने बघायला हवा होता तो 'मिकी १७', आणि नेमका तोच आपण सोडला. 'पॅरासाइट'वाल्या बाँग जून-होचा हा सिनेमा मार्च २०२५ मध्ये आला. मिकीने मित्राबरोबर मॅकरूनचं दुकान काढलं, ते बसलं, डोक्यावर सावकाराचं कर्ज. पळून जायला अंतराळयान हाच मार्ग. तिथे नोकरी मिळते, पण ऑफर लेटर न वाचताच सही ठोकलेली. (हसू नका, तुम्ही वाचलं होतं?) नोकरी काय, तर मरणं! रेडिएशन किती झेपतं बघायला मिकीला बाहेर पाठवा, लस टोचून बघायला मिकी, आणि मेला की प्रिंटरमधून नवा मिकी काढा. रॉबर्ट पॅटिन्सन ही सतरावी कॉपी इतक्या बिचाऱ्या चेहऱ्याने करतो की अप्रेझलच्या दिवशीचे सगळे चेहरे आठवतात. सहकारी येता-जाता विचारतात, 'मरताना कसं वाटतं रे?' आणि कुणाला उत्तर नकोच असतं. उत्तरार्धात बाँग राजकारणाची टिंगल करायला जातो आणि सिनेमा पसरतो, हे कबूल. पण पहिला तास? कुठल्याही एचआरच्या ट्रेनिंगमध्ये दाखवावा असा.

याच वर्षी 'इंटरस्टेलर'ची मजा झाली. २०१४ चा सिनेमा, दहा वर्षं झाली म्हणून परत यायचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये आयमॅक्स 'पुष्पा २'ने अडवून ठेवलेले, म्हणून आपल्याकडे ७ फेब्रुवारी २०२५ ला लागला. तिकिटांसाठी मारामारी, सकाळी-सकाळी शो, तरी हाउसफुल्ल! सगळे म्हणत होते की ब्लॅक होल मोठ्या पडद्यावर बघायचंय. बघितलं की. पण सगळा हॉल नाक ओढत होता तो कुठल्या सीनला? ज्या ग्रहावर एका तासाला पृथ्वीवरची सात वर्षं जातात तिथून कूपर परत येतो आणि मुलांचे तेवीस वर्षांचे साठलेले मेसेज एका बैठकीत बघतो, त्या सीनला! एक माणूस खुर्चीत बसून टीव्ही बघत रडतोय, बस्स. ना यान, ना तारे. एवढ्या अवाढव्य पडद्यावर सगळ्यात भारी दिसली ती हीच गोष्ट. मग तुम्हीच सांगा, 'ड्रामाला कशाला मोठा पडदा?' हा प्रश्न उरतो कुठे?

आणि पडद्यावरची साधी माणसं?

पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ने मे २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री मिळवलं. तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. पेपरांत फोटो आले, सगळ्यांनी स्टेटस टाकले. २२ नोव्हेंबरला तो देशभर लागला तेव्हा माझ्या शोला मोजून चौदा माणसं होती, त्यातली दोन चुकीच्या ऑडीत आलेली. (मात्र बसली शेवटपर्यंत!)

त्यात प्रभा नावाची मल्याळी नर्स आहे. नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला तो गेलाच, फोनसुद्धा नाही. एक दिवस पार्सल येतं, आत एक लालभडक राइस कुकर. चिठ्ठी नाही, काही नाही. रात्री ती एकटी त्या कुकरला मिठी मारून बसते. कनी कुस्रुती एक शब्द बोलत नाही. आता हा सीन घरी बघा. मध्येच डिलिव्हरीवाल्याचा फोन, आईची हाक, 'काय चाललंय ते दहा सेकंद पुढे कर' असा अंगठ्याला सुटलेला मोह. संपला सीन! थिएटरात पुढे ढकलायचं बटण नसतं, एवढीच तर त्या तिकिटाची किंमत असते.

आणि छाया कदमची पार्वती. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. बिल्डर घर खाली करायला सांगतोय आणि तिच्याकडे ती तिथे राहत होती याचा कागदच नाही. इतकी वर्षं जगलेल्या शहरात तुमचा पुरावा काय? शेवटी ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या गावी निघते. त्याआधी रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारते तो सीन बघताना माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच 'मार!' म्हणालं. घरी हे कोण म्हणणार?

हा सिनेमा ३ जानेवारी २०२५ ला, म्हणजे बरोब्बर सहा आठवड्यांनी डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. थांबणाऱ्यांना फार थांबावं लागलं नाही. त्यातल्या किती जणांनी तो सलग पाहिला, हे माझ्या मैत्रिणींना विचारलं तर सगळ्या विषय बदलतात.

वेळेचंही एक नाटक आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग चर्चा झाल्यावर 'दुपारी बारा ते रात्री नऊ'. म्हणजे मंगळवारी दुपारी पावणेएकचा शोसुद्धा प्राइम टाइमच! त्या वेळी आपण कुठे असतो? लंचबॉक्स उघडत. आणि पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या गर्दीवर पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. भूत पुढच्या वीकएण्डलाही भेटेल, माणसाचं काही सांगता येत नाही.

सगळे छोटे ड्रामा चांगलेच असतात असं मुळीच नाही. काहींत माणसं खिडकीतून नुसतीच बाहेर बघत राहतात, आपण घड्याळाकडे. पण रोहन परशुराम कानवडेचा 'साबर बोंडं' तसा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला पोहोचलेला पहिला मराठी सिनेमा, आणि पहिल्याच फटक्यात जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला. १९ सप्टेंबरला इथे लागला. नायक आनंद मुंबईत कॉल सेंटरला आहे, म्हणजे आपल्याच लिफ्टमधला कुणीतरी. वडील जातात, दहा दिवस गावी सुतकात काढायचे. नातेवाइकांचा प्रश्न एकच, 'लग्न कधी?' त्याला मुली नकोत, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, त्याच्याही मागे लग्नाची भुणभुण. दिग्दर्शकाने स्वतःचे वडील गेल्यानंतरच्या दिवसांतून हे उभं केलंय, त्यामुळे कुठे भाषणबाजी नाही. आणि पार्श्वसंगीत? अजिबात नाही! कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत नाही. वारा, भांडी, पावलं, दोघांच्या बोलण्यातल्या गॅप्स, एवढंच ऐकू येतं. हा सिनेमा हेडफोन लावून लोकलमध्ये बघणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालायला तयार आहे.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी ग्रुपवर मेसेज पडला की भुताला हो म्हणाच, मीही येते. पण त्याआधी अॅपवर जरा खाली स्क्रोल करा, जिथे एकच शो आणि सगळ्या खुर्च्या हिरव्या दिसतात. हाफ डे टाकावा लागेल कदाचित. बॉसला डेंटिस्ट सांगा. त्या शोला पॉपकॉर्नसाठी रांग नसते, हा बोनस.