श्रवणयंत्र पेटीत ठेवू नका

श्रवणयंत्र लावताच सारे बोलणे स्पष्ट कळेल, अशी आशा असते. पण आधी कानी पडतो तो भांड्यांचा खणखणाट, ट्रॅक्टरची घरघर आणि स्वतःचाच मोठा आवाज. कंटाळून पुष्कळजण यंत्र पेटीत ठेवतात.

असे करू नये. नको ते आवाज मागे सारण्याची मेंदूची सवय मोडलेली असते. ती परतायला काही आठवडे लागतात. प्रथम शांत घरात एकाशीच समोरासमोर बोलावे. रोज वेळ वाढवावा. मिस्सा, बाजार नंतर. यंत्र शिट्टी मारत असल्यास नीट बसवून घ्यावे. कानात तेल घालू नये. घरच्यांनी ओरडू नये, सावकाश बोलावे.

यंत्रापूर्वी बिदरच्या सरकारी रुग्णालयात कान तपासावेत. केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र गरजूंना श्रवणयंत्र मिळते.