लाभांश आणि मुद्दल

मध्यमवर्गीय कुटुंबांत पैशाचे दोन भाग मानण्याची चाल फार जुनी आहे. एक मुद्दल आणि दुसरें व्याज. व्याज खावें, मुद्दलास हात लावूं नये, हा धडा आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेला असतो. बँकेंतील ठेवीस तो सरळ लागू पडतो. परंतु तोच पैसा कंपन्यांच्या शेअरांत घातला, म्हणजे मुद्दलाची किंमत ठरीव राहत नाहीं. बाजार ती रोज नव्यानें ठरवितो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली नाहीं त्याला हातीं आलेला लाभांश पाहून समाधान वाटतें, आणि मुद्दल झिजत असतां त्याचा पत्ता लागत नाहीं. भारतांत या गोष्टीचा सर्वांत मोठा अनुभव युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या १९६४ च्या योजनेनें, लोकांच्या तोंडीं बसलेल्या 'युनिट ६४' नें, आणून दिला.

या ट्रस्टचा कायदा १९६३ सालीं झाला. टी. टी. कृष्णम्माचारी हे त्या वेळीं अर्थमंत्री होते. आरंभींचें भांडवल ५ कोटि रुपये. त्यांतील निम्में रिझर्व्ह बँकेनें घातलें व उरलेलें आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आणि इतर संस्थांनीं. मुख्य कचेरी मुंबईंत होती. जुलै १९६४ पासून दहा रुपये दर्शनी किंमतीचीं युनिटें विकण्यास प्रारंभ झाला, आणि पहिल्या वर्षीं ६.१ टक्के लाभांश वांटण्यांत आला.

योजनेमागील कल्पना साधी व हितावह होती. ज्याच्यापाशीं पांचशें रुपये आहेत त्यानें एकट्यानें शेअर घ्यावयाचे तर एकदोन कंपन्यांचेच घ्यावे लागतात; त्यांतील एक बुडाली कीं त्याचें अर्धें धन गेलें. तेच पांचशें रुपये हजारों लोकांच्या रकमांत मिसळले, म्हणजे शेंकडों कंपन्यांचे शेअर व रोखे घेतां येतात आणि एकाच्या बुडण्याचा धक्का सर्वांत वांटला जातो. शेअरांवरील लाभांश व रोख्यांवरील व्याज ट्रस्टकडे जमा व्हावें, त्यांतून खर्च वजा जावा, थोडा भाग गंगाजळींत राहावा आणि उरलेली रक्कम युनिटधारकांस मिळावी, असा हा व्यवहार. निवृत्त शिक्षक, कारकून, विधवा स्त्रिया यांना दरसालचें उत्पन्न हवें असतें. म्हणून ही योजना घरोघर पोहोंचली, आणि तिचें युनिट बँकेच्या पावतीइतकेंच निर्धोक मानलें जाऊं लागलें.

येथेंच घोटाळ्याचें बीज होतें. युनिटाची खरी किंमत काढणें कठीण नसतें. ट्रस्टजवळील सर्व शेअर-रोख्यांची त्या दिवसाची बाजारची किंमत घ्यावी, देणें वजा करावें आणि युनिटांच्या संख्येनें भागावें. परंतु युनिट ६४ चा खरेदी-विक्रीचा भाव या हिशेबानें ठरत नसे. ट्रस्ट तो आपल्या विचारानें जाहीर करी, आणि तो सहसा चढताच असे. प्रथम बराच पैसा रोख्यांत होता. पुढें शेअरांचें प्रमाण वाढत जाऊन १९९८ पर्यंत तें साठ टक्क्यांच्या वर गेलें. १९९२-९३ सालीं लाभांश २६ टक्के झाला. मात्र हा दर दहा रुपयांच्या दर्शनी किंमतीवर असे. ज्यानें पंधरा रुपयांस युनिट घेतलें त्याला दोन रुपये साठ पैसे मिळत, म्हणजे सुमारें सतरा टक्के.

जाहीर भाव खऱ्या किंमतीहून अधिक असला, तर काय होतें हें एका लहान उदाहरणानें कळेल. शंभर युनिटें आहेत आणि मालमत्ता आठशें रुपयांची आहे असें समजावें. खरी किंमत प्रत्येकी आठ रुपये. पण भाव दहा रुपये जाहीर झालेला आहे. जाणत्या मंडळींनीं चाळीस युनिटें परत करून चारशें रुपये नेले. उरलेल्या साठ युनिटांमागें आतां चारशेंच रुपये राहिले, म्हणजे प्रत्येकी पावणेसात रुपयेहि नाहींत. जे आधीं गेले त्यांनीं मागें राहिलेल्यांच्या खिशांतून आपला वाढावा नेला. आणि मागें राहणारा बहुधा तोच असतो, ज्याला बाजाराची वार्ता उशिरा कळते.

१९९८ च्या शरदांत गंगाजळी आटून तूट पडल्याचें उघड झालें. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व सरकारनें साहाय्य केलें. तरीहि जाहीर भावाची रीत चालूच राहिली. २००१ मध्यें बाजार कोसळला. एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या संस्थांनीं चार हजार कोटि रुपयांहून अधिक रक्कम काढून नेली, आणि जुलैच्या आरंभीं ट्रस्टनें युनिटांची विक्री व परतखरेदी सहा महिने बंद केली. मुलीचें लग्न, शस्त्रक्रिया, घराचा हप्ता, अशा कामांसाठीं ठेवलेला पैसा एकाएकीं अडकला. ऑगस्टपासून ३,००० युनिटांपर्यंत दहा रुपये भावानें परत घेण्याची सोय झाली. पुढें खरी किंमत प्रसिद्ध झाली, तेव्हां ती सहा रुपयांच्याहि खालीं होती.

२००२ च्या कायद्यानें ट्रस्टचे दोन भाग झाले. ३१ मे २००३ रोजीं योजना संपली. ५,००० युनिटांपर्यंत बारा रुपये व त्यापुढें दहा रुपये असा भाव सरकारनें दिला; ज्यांना रोकड नको होती त्यांना पांच वर्षांचे ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले. लहान धारक वांचला खरा. तथापि मधली तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे करदात्यांच्याच पैशांतून, भरली गेली.

यावरून शेअरांत पैसा घालून उत्पन्न देणाऱ्या योजना त्याज्य होत, असें ठरत नाहीं. अनेक कंपन्यांत धोका वांटण्याचें तत्त्व आजहि तितकेंच खरें आहे. मात्र लाभांशाचा आंकडा ही त्याची परीक्षा नव्हे. तो कोणत्या किंमतीवर मोजला आहे, मिळालेल्या उत्पन्नांतून दिला आहे कीं मुद्दलांतून, आणि वर्षाच्या शेवटीं लाभांश व मुद्दल यांची बेरीज वाढली कीं घटली, एवढें पाहिलें पाहिजे. झाडाचीं फळें मोजतांना खोडाकडेहि दृष्टि ठेवणारा गृहस्थच खरा हिशेबी होय.