हलत्या भांड्यात दही लागत नाही

विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला नववीच्या मुलींना घेऊन मी एकदा नारायणगावजवळ खोडदला गेले होते. रत्नागिरीहून रात्रभर एसटी, सकाळी समोर रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या. एकेकीचा व्यास 45 मीटर, आणि अशा 30. मिरकरवाड्याची एक मुलगी मान वर करून बघत राहिली. म्हणाली, ‘‘बाई, हे तर जाळं! लाटा भोकांतून निसटत नाहीत?’’

मासेमारीच्या घरातला प्रश्न. भोकं एक-दोन सेंटिमीटरची, आणि हायड्रोजनच्या सुट्या अणूंकडून येणारी लहर 21 सेंटिमीटरची. ती तारांवर आपटून परतते. वारा मात्र आरपार जातो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी अशी जाळीची तबकडी योजली म्हणून ती हलकी झाली, स्वस्तही पडली.

याच दुर्बिणीने पाहिलेली एक दीर्घिका मला फार जवळची वाटते. तेव्हा पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत असलेले जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी 2014 साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. नाव रूक्ष आहे, जे2345-0449. आपल्या आकाशगंगेसारखीच ती सर्पिल, पण मध्यावरच्या कृष्णविवरातून दोन बाजूंना सुटलेले झोत टोकापासून टोकापर्यंत 50 लाख प्रकाशवर्षांहून लांब! एवढे लांब झोत सर्पिल दीर्घिकेत क्वचितच सापडतात.

कृष्णविवर सगळं गिळतं, असं मुलांना वाटतं. पण त्याच्याकडे ओढला जाणारा वायू तापतो, काही भाग प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो आणि त्याचा धक्का आजूबाजूच्या वायूला बसतो. काही दीर्घिकांतून थंड वायूच बाहेर ढकलला जातो. इथली गोष्ट वेगळी. थंड हायड्रोजन रेणूंचा थेट माग लागत नाही, म्हणून चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणीने त्यांच्या सोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा माग काढला. 2021 साली निष्कर्ष आले. दीर्घिकेत वायूचं मोठं कडं आहे. मालाची कमतरता नाही, तरी नवे तारे अपेक्षेपेक्षा फारच कमी.

मुलींना मी हे विरजणावरून सांगते. दूध आहे, विरजण लावलंय, पण भांडं सारखं हलवत राहिलात तर दही लागत नाही. तारा व्हायचा तर वायू थंड हवा आणि आपल्याच वजनाने आत गोळा होण्याइतका निवांतही. झोतांनी ढवळलेल्या वायूला तो निवांतपणा मिळत नाही.

हे ऐकून वर्गात एकीने विचारलं, ‘‘मग तिथे तारे कधीच होणार नाहीत?’’ मी फळ्यावर त्या दीर्घिकेचं रेडिओचित्र काढलं. झोतांच्या टोकांशी फुगे असतात. इथे त्यांच्या दोन जोड्या आहेत, एक दूरवर पसरलेली, दुसरी आत. म्हणजे ते कृष्णविवर एकदा पेटलं, मध्ये शांत झालं, आणि पुन्हा पेटलं.