परदेशातील शाळेत सेवेला जाण्यापूर्वी



मंडळीतील एखाद्या तरुण मुलीने परदेशात जाऊन गरीब मुलांना शिकवण्याची इच्छा बोलून दाखवली की आपल्याला आनंद होतो. उपासनेनंतर तिच्यासाठी प्रार्थना होते, प्रवासासाठी अर्पण गोळा केले जाते. पण ती तिकडे नेमके काय करणार, किती दिवस राहणार आणि कोणाच्या हाताखाली काम करणार, हे विचारायचे राहून जाते. म्हणून या लेखात थायलंडमधील मेसॉतचे उदाहरण पाहू.

मेसॉत हे ताक प्रांतातील सीमेवरचे शहर. मोई नदीच्या पलीकडे म्यानमार. तिथल्या करेन या आदिवासी समाजाच्या प्रदेशात अनेक दशके लढाई चालू आहे. १९८४ पासून सीमेलगत निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतल्यावर आणखी हजारो लोक नदी ओलांडून आले. छावण्यांच्या बाहेर राहणारी कुटुंबे कपड्यांच्या कारखान्यांत, बांधकामावर, मक्याच्या आणि उसाच्या शेतांत मजुरी करतात. अनेकांकडे कागदपत्रे नसतात. त्यांच्या मुलांसाठी या भागात साठच्या आसपास स्थलांतरित शाळा चालतात.

करेन लोकांशी आपले एक जुने नातेही आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना मिशनरी सेवेची दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. अदोनिराम जडसन त्याच वर्षी रंगूनला पोहोचले. पुढे १८२८ मध्ये को था ब्यू या करेन माणसाचा बाप्तिस्मा झाला. तो त्याच्या समाजातील पहिला ख्रिस्ती.

मग ही मुले थायी सरकारी शाळेत का जात नाहीत? कायद्याची आडकाठी नाही. २००५ च्या सरकारी ठरावानुसार कागदपत्रे नसलेल्या मुलालाही तिथे प्रवेश मिळतो. पण थायी भाषा येत नाही, शाळा लांब असते, आईबापांचे काम संपले की बिऱ्हाड हलते. शिवाय कधीतरी गावी परतू ही आशा असते, म्हणून मुलांना बर्मी आणि करेन भाषाही यायला हव्यात. आपल्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलांची शाळा कशी सुटते, हे आपण पाहिलेलेच आहे. साखरशाळा आणि भोंगाशाळा त्यासाठीच निघाल्या.

या शाळांचा कणा म्हणजे तिथले शिक्षक. तेही बहुधा म्यानमारमधूनच आलेले असतात आणि तुटपुंज्या मानधनावर शिकवतात. मुलांची भाषा, त्यांची भीती, घरची परिस्थिती त्यांना ठाऊक असते. बाहेरून आलेला स्वयंसेवक त्यांची जागा घेऊ शकत नाही आणि त्याने ती घेऊही नये. त्याने शिक्षकांना इंग्रजी बोलण्याचा सराव द्यावा, गणित व विज्ञानाची साधने त्यांच्याबरोबर बसून तयार करावीत, हिशेब आणि अहवाल लिहायला मदत करावी. तो परतल्यावरही हे काम शाळेत टिकते.

दोन आठवड्यांची भेट मात्र मुलांना महागात पडू शकते. या मुलांनी घर सोडले आहे, काहींनी आईबापही गमावले आहेत. ताई आली, गाणी शिकवली, गळ्यात पडली आणि गेली. पुढच्या महिन्यात दुसरी आली. प्रत्येक वेळी मुलाला पुन्हा कोणीतरी सोडून जाते. म्हणून किमान एक पूर्ण सत्र राहण्याची तयारी असावी. तेवढा वेळ नसेल, तर प्रवासाचा पैसा एखाद्या शिक्षकाच्या मानधनासाठी पाठवणे ही अधिक मोठी सेवा आहे.

कायद्याची बाजूही नीट पाहावी. थायलंडमध्ये बिनपगारी सेवा हेदेखील कामच समजले जाते. त्यासाठी योग्य व्हिसा आणि काम करण्याचा परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. पकडले गेलो तर आपण मायदेशी परत येऊ, पण चौकशीचा त्रास शाळेला आणि कागदपत्रे नसलेल्या शिक्षकांना भोगावा लागेल.

वागणुकीच्या काही गोष्टी लहान वाटतात, पण महत्त्वाच्या आहेत. आपण आशीर्वाद देताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. तिथे डोके पवित्र मानतात आणि अनोळखी माणसाने त्याला हात लावणे असभ्य समजले जाते. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत आणि नाव-गावासह कुठेही टाकू नयेत. त्यामुळे लपून राहणारे कुटुंब उघडे पडू शकते. वर्गात बौद्ध मुले असतात, काही ठिकाणी मुस्लिमही असतात. भुकेल्या मुलाला दिलेली वही ही वहीच राहू द्यावी, तिला अट जोडू नये.

तेव्हा पाळकसाहेब आणि पंचमंडळाने इच्छुकाला पाच प्रश्न विचारावेत: शाळेने स्वतः बोलावले आहे का? कोणते काम सांगितले आहे? किती महिने राहणार? परवाना कोण काढणार? मुलांच्या सुरक्षिततेचे नियम शाळेने लेखी दिले आहेत का? आणखी एक सुचवावेसे वाटते. आधी एक हंगाम आपल्याच तालुक्यातील वीटभट्टीवर कातकरी मुलांबरोबर काढावा. तिथे जो रोज वेळेवर पोहोचतो, तो मेसॉतलाही उपयोगी पडेल.

आपला प्रभूही बालपणी जीव वाचवण्यासाठी मिसर देशात नेला गेला होता. परक्या देशात आसरा शोधणाऱ्या या मुलांसाठी, त्यांना रोज शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि सीमेपलीकडे शांतता यावी म्हणून आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.