अनावर मूल आणि पालकांस कायद्याचे साहाय्य

"मुलगा आता आमच्या हाती राहिला नाही, गुरुजी," हे पालकांचे उद्गार बहुधा प्रथम शाळेतच ऐकू येतात. भुसावळसारख्या गावी त्यांना विशेष गांभीर्य आहे. मुंबई, नागपूर व इटारसी या दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात आणि गाड्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. इतर गावी घरातून रागाने निघालेला मुलगा फार तर नदीकाठी वा मामाच्या घरी सापडतो. येथे तो एका रात्रीत शेकडो किलोमीटर दूर जाऊ शकतो.

समजा, एका इंजिनचालकाचा सातवीतील मुलगा आहे. वडिलांची पाळी कधी रात्रीची, कधी पहाटेची. मुक्काम पुष्कळदा परगावी. मुलगा आईचे ऐकत नाही, शाळेस दांडी मारतो, घरातील पैसे उचलतो. वडील परत येतात तेव्हा आठवड्याचा हिशेब एका चापटीत चुकता होतो. मग फौजदाराची भीती घातली जाते. या भीतीने मूल सुधारल्याचे क्वचितच दिसते. एक अनिष्ट परिणाम मात्र निश्चित होतो: ज्या दिवशी ते खरोखरच एखाद्या अनोळखी फलाटावर एकटे पडते, त्या दिवशी साहाय्य करू शकणाऱ्या शिपायापासूनच ते लपून बसते.

वास्तविक अशा पालकांसाठी कायद्याने फार पूर्वीच दार उघडे ठेवले आहे. पूर्व खानदेश मुंबई राज्यात असताना लागू झालेल्या १९४८ च्या मुंबई मुलांच्या कायद्यात 'अनावर' मुलाविषयी पालकास बालन्यायालयाकडे तक्रार करता येत असे. केंद्रशासित प्रदेशांसाठी झालेल्या १९६० च्या कायद्यात आणि पुढे देशाच्या बहुतेक भागास लागू झालेल्या १९८६ च्या बाल न्याय अधिनियमातही ही तरतूद होती. हल्लीच्या २०१५ च्या अधिनियमात 'अनावर' हा शब्द उरलेला नाही. ज्याचे पालक त्याची काळजी घेण्यास व त्याला सुरक्षित ठेवण्यास असमर्थ आहेत, अशा मुलास तो 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' म्हणतो. घरातून पळून गेलेले मूलही त्यातच येते. हा बदल केवळ शब्दाचा नव्हे. पूर्वी प्रश्न मुलाविषयी विचारला जाई. आता तो घराविषयी विचारला जातो.

हे काम पाहणारी बाल कल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे जळगावी असते. तीत अध्यक्ष व ४ सदस्य असून किमान एक स्त्री सदस्य असावीच लागते. समितीस दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, परंतु तेथे मूल आरोपी नसते. (मुलाच्या हातून गुन्हा घडला असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, तो मार्ग निराळा.) समिती सामाजिक चौकशीचा आदेश देते. अधिकारी वा समाजकार्यकर्ता घरी जातो, आईवडिलांशी व शिक्षकांशी बोलतो आणि १५ दिवसांत अहवाल सादर करतो. मूल प्रथम समितीपुढे आल्यापासून ४ महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी अपेक्षा आहे.

पालक येथे पुष्कळदा चुकतात. "काही वर्षे बालगृहात ठेवा, म्हणजे वळण लागेल," अशी त्यांची मागणी असते. कायद्याचा कल याच्या नेमका उलट आहे. संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. समिती मुलास देखरेखीखाली घरीच राहू देऊ शकते, आणि समुपदेशन मुलाइतकेच पालकांचेही होते. वरील उदाहरणातील वडिलांस हे प्रथम अपमानास्पद वाटेल. तथापि पाळी संपवून आल्यावर पहिल्या तासाभरात मुलाशी काय बोलावे, हे त्यांस कोणी कधी सांगितलेलेच नसते.

अशा मार्गदर्शनाची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईतील सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. आज समितीपर्यंत न जाताही १०९८ या क्रमांकावर मुलांविषयी आणि १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य साहाय्य मिळते. न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर मुलास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यास उत्पन्नाची अट नाही.

शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चौकशीत असलेल्या मुलाचे नाव, पत्ता वा शाळा प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. मग त्याची चर्चा शिक्षककक्षात वा पालकसभेत कशाला? पालकांस अर्ज लिहून देताना मुलाच्या दोषांची यादी करू नये. मूल कोणत्या महिन्यापासून गैरहजर राहू लागले, त्या सुमारास घरी काय बदल झाला, सायंकाळी घरी कोण असते, मूल कोणाचे ऐकते, एवढे लिहावे आणि सोबत हजेरीपत्रकाचा उतारा जोडावा.