देवाला ठाऊक असताना मागायचं कशाला?

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या. त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. (टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला, मुंबईत.)

पुस्तकात टिळकांना खिळवून ठेवलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाने. प्रभूची प्रार्थना त्याच प्रवचनात, सहाव्या अध्यायात आहे. तिथे एक पेच दडलेला आहे. तुम्हाला काय हवं ते मागण्याआधीच पित्याला ठाऊक असतं, असं येशू सांगतो आणि लगेच रोजची भाकर मागायला शिकवतो. ठाऊक आहे, तर मग मागायचं कशाला?

आधुनिक ख्रिस्ती विचार या प्रश्नाशी अजून झुंजतो आहे. १७९३मध्ये तत्त्वज्ञ कांटने तर सरळ म्हटलं, की ज्याला सगळं कळतं त्याच्यापुढे इच्छांची यादी वाचणं ही अंधश्रद्धा आहे. खरी प्रार्थना म्हणजे नीतीने वागण्याचा निश्चय. कीर्केगार्डने १८४७मध्ये वेगळी वाट काढली: प्रार्थनेने देव बदलत नाही, प्रार्थना करणारा बदलतो. हे उत्तर आज प्रवचनांतून सर्रास ऐकू येतं. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. सगळा बदल आपल्यातच व्हायचा असेल, तर ऐकणारा कुणी नसला तरी चालेल की! पाऊस ओढ देतो आणि धान पोटरीवर असताना बांधी कोरडी पडते, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या बपेरा गावचा शेतकरी आत्मपरीक्षणासाठी हात जोडत नाही. त्याला पाऊस हवा असतो.

धर्मचिंतक कार्ल बार्थने याच अंगाने उलटा पवित्रा घेतला. प्रार्थना मुळात मागणंच आहे आणि देव स्वतःहून त्या मागण्याला दाद देतो, असं त्याने ठासून मांडलं. विचारवंत सिमोन वेलला मात्र मागण्यापेक्षा अवधान मोलाचं वाटलं. १९४१मध्ये दक्षिण फ्रान्सात द्राक्षाच्या तोडणीवर असताना ती प्रभूची प्रार्थना ग्रीकमधून म्हणत असे. मन जरा भरकटलं, की पुन्हा पहिल्यापासून. इतकं करूनही ती चर्चच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.

टिळकांना ती परकी वाटली नसती. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. त्यामुळे त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो, आणि कांटचा आक्षेप इथे लंगडा पडतो. पोराला भूक लागली आहे हे आईला कळतंच, म्हणून पोर काही गप्प बसत नाही. वारकरीही विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, हट्ट धरतो ते त्याला माहिती पुरवण्यासाठी नव्हे. टिळकांची ही पदं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर गायली जातात. त्यांत मागणी आहे, पण बहुतेक वेळा मागणी खुद्द ख्रिस्ताचीच.

पंडिता रमाबाई इतक्या निरिच्छ नव्हत्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायका घेऊन आल्या. इतक्या जणींना रोज जेवू घालायचं, म्हणजे रोजची भाकर हा त्यांच्यासाठी रूपकाचा विषय नव्हता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५मध्ये प्रार्थनेची लाट उसळली, तेव्हा शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. गलका ऐकून बाहेरच्या काहींनी नाकं मुरडली. रमाबाई मात्र धान्य मागत, पैसा मागत, पाणी मागत. आणि मागून झालं की केडगावच्या माळावर विहिरी खणून घेत.